मुलगा म्हणतो, वाळूचे डोंगर बघायला चला

बेळगावातल्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलंय. ओळख पटेल असा तपशील गाळून थोडक्यात देते.

बाईंचं वय ६२. यजमान ६८ वर्षांचे, तेही निवृत्त. चार वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. एक स्टेंट आहे, बीपीची आणि रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. एरवी तब्येत चांगली, रोज सकाळी गावातल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरायला जातात. मुलगा, सून आणि सात वर्षांची नात अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हरला असतात. मेच्या मध्याला दोघं तिकडे चाललीत. जूनच्या पहिल्या शनिवार-रविवारी सगळ्यांनी मिळून तिथलं वाळूच्या टेकड्यांचं ग्रेट सँड ड्यून्स नॅशनल पार्क बघायचं, असं मुलानं ठरवलंय आणि अलामोसा गावात हॉटेलही घेतलंय. यजमान आत्तापासूनच मोबाईलवर वाळूवरून घसरणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघत बसतात.

बाई मात्र धास्तावल्यात. त्या लिहितात, 'आठ हजार फुटांवर ह्यांना काही झालं तर? ह्यांची सवय अशी की छातीत दुखलं तरी आधी घरच्यांना सांगणार नाहीत. आणि नुसती वाळूच बघायची तर आपल्याला गोवा काय लांब आहे? मी फोनवर म्हटलं, तुम्ही तिघं जाऊन या, आम्ही घरी थांबतो. मुलगा एकदम गप्प झाला. मागून सुनेचा आवाज आला, आईंना कुठंच यायचं नसतं. ते फार लागलं मला. माझाही डावा गुडघा कुरकुरतो, पण ते सोडा. आता स्पष्ट नाही म्हणू, की मन मारून जाऊ?'

ताई,

आधी उंचीचं बोलूया, कारण तुमची निम्मी काळजी त्या आठ हजारांच्या आकड्यावर उभी आहे. आकडा खरा आहे. तिथलं व्हिजिटर सेंटर ८,१७० फुटांवर, म्हणजे सुमारे २,४९० मीटरवर आहे. आपलं बेळगाव साधारण ७५० मीटरवर. तिथली हवा विरळ. समुद्रकाठी एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो, त्याच्या पाऊणपट तिथं मिळतो. डोकं दुखणं, मळमळणं, झोप न लागणं हा उंचीचा त्रास सहसा २,५०० मीटरच्या आसपास सुरू होतो आणि जसं वर जावं तसा वाढतो. म्हणजे तुम्ही उंबरठ्यापर्यंत चाललाय, माडीवर नाही.

शिवाय तुम्ही बेळगावहून उडून थेट तिथं उतरत नाही. आधी दोन-तीन आठवडे डेन्व्हरला राहाल, आणि ते शहरच १,६०० मीटरवर आहे. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर, यावरून अंदाज घ्या. मुलाच्या घरी भाजी निवडत बसलात तरी तुमचं शरीर सरावत असेल. मुक्कामाचं अलामोसा २,३०० मीटरवर, म्हणजे रात्री झोपायची जागा पार्कपेक्षा खाली. हे चांगलं आहे. आणखी एक सांगते. डेन्व्हरहून दक्षिणेला वॉल्सनबर्गपर्यंत जाऊन तिथून पश्चिमेला वळलात, तर वाटेत ला व्हेटा खिंड लागते. ती सुमारे २,८७० मीटरवर आहे. ज्या उंचीला तुम्ही घाबरताय, तिच्या बऱ्याच वरून गाडी तुम्हाला घेऊन जाईल आणि तेव्हा तुम्ही बहुतेक डुलकी काढत असाल.

धास्ती राखून ठेवायचीच असेल तर ती दुसऱ्या बेतांसाठी ठेवा. डेन्व्हरला आलेल्या आई-बाबांना मुलं हौसेनं पाइक्स पीकच्या माथ्यावर नेतात. गाडी आणि रेल्वे थेट वर जाते म्हणून ते सोपं वाटतं, पण तो माथा ४,३०२ मीटरवर आहे. रॉकी माउंटन नॅशनल पार्कमधला ट्रेल रिज रोड ३,७०० मीटरच्या वर चढतो. स्टेंट असलेल्या माणसानं तिथं जायचं का, हा खरोखर डॉक्टरांपुढं ठेवायचा प्रश्न आहे. वाळूच्या टेकड्यांना आधीच नाही म्हणून मोकळं व्हायचं आणि मग मुलाचं मन राखायला पाइक्स पीकला हो म्हणायचं, असं मात्र करू नका. घराघरांत नेमकं असंच होतं.

तुमच्यासारखाच प्रश्न आपल्याकडच्या अनेकांना लडाखच्या सहलीआधी पडतो, म्हणून इथंच सांगून टाकते. नुब्रा खोऱ्यातल्या हुंडरलाही वाळूच्या टेकड्या आहेत, पाठीवर दोन वशिंडं असलेले उंट आहेत, आणि बेळगाव-कोल्हापूरकडून ग्रुपच्या सहली तिकडे जातात. तिथलं गणित सगळं उलटं आहे. विमान तुम्हाला थेट ३,५०० मीटरवरच्या लेहला उतरवतं, आणि हुंडरला जायचं तर खारदुंग ला ही ५,३०० मीटरच्या वरची खिंड ओलांडावी लागते. लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस नुसती विश्रांती, बाजारातसुद्धा हिंडायचं नाही. सहलीच्या पत्रकात हे दोन दिवस नसतील तर पत्रक बदलून घ्या, नाहीतर कंपनी बदला.

आता यजमानांचे डॉक्टर. 'अमेरिकेला जाऊ का' असं विचारलंत तर ते 'जा की' म्हणतील आणि पुढच्या पेशंटला बोलावतील. नेमकं विचारा. अडीच हजार मीटरवर, मऊ वाळूत, अर्धा-पाऊण तास चढ चालला तर चालेल का? त्याआधी स्ट्रेस टेस्ट करून घ्यायची का? पाणी कमी पडलं तर बीपीच्या गोळीचा त्रास होईल का? रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असताना घसरगुंडीवर पडले, डोक्याला मार लागला, तर काय? हा शेवटचा प्रश्न यजमानांच्या देखत विचारा. लेहला जाऊन आलेल्या शेजाऱ्यांनी उरलेली डायमॉक्सची, म्हणजे उंचीच्या त्रासावरच्या गोळीची, पाकिटं दिली तर ती परत करा. घ्यायची की नाही हे डॉक्टरच सांगतील.

पण ताई, माझ्या मते तुम्ही चुकीच्या गोष्टीला घाबरताय. उंचीचा विचार तुम्ही केलात, मुलानंही केला असेल. वाळूचा कुणीच केलेला दिसत नाही.

त्या टेकड्या उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यांत उंच आहेत. सर्वांत उंच टेकडी पायथ्यापासून साधारण २२५ मीटर. लोक जिथं चढतात तो पहिल्या रांगेतला हाय ड्यून २१० मीटरच्या आसपास. जाऊन-येऊन चारेक किलोमीटर आणि साधारण दोन तास लागतात असं सांगतात, पण ते धडधाकट माणसाचे दोन तास. वाट आखलेली नाही, पायऱ्या नाहीत, सावलीचं झाड नाही. मऊ वाळूत पाऊल टाकलं की निम्मं मागं सरकतं. व्हॅक्सिन डेपोच्या सपाट वाटेवर रोज तासभर चालणारा माणूस तिथं पहिल्या चढावरच धापा टाकेल आणि म्हणेल, उंची बाधली. त्याला बाधलेली असेल वाळू.

दुसरं म्हणजे ऊन. जूनमध्ये तिथली हवा आपल्या डिसेंबरच्या दुपारसारखी सुखद असते, त्यामुळं माणूस फसतो. दुपारी वाळूचा पृष्ठभाग ६५ अंश सेल्सियसपर्यंत तापू शकतो. सकाळी गार वाळूत चप्पल काढून वर गेलेली माणसं अकरा-बारा वाजता उतरताना पाय भाजून घेतात. त्यातून उन्हाळ्याच्या दुपारी गडगडाटी वादळं येतात, जुलै-ऑगस्टमध्ये तर फारच. उघड्या टेकडीवर सगळ्यांत उंच वस्तू तुम्हीच असता. आकाशात ढग जमायला लागले की फोटो अर्धवट सोडून खाली यायचं. या दोन्हींवर उपाय एकच, आणि तो आपल्याकडच्या शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही: उजाडताच निघायचं, दहाच्या आत परतायचं. संध्याकाळी ऊन उतरल्यावर हवं तर पुन्हा जा.

आता तुमचा गोव्याचा मुद्दा. तो मला आवडला, कारण असाच प्रश्न माझ्याही मनात आला असता. समुद्रकाठची वाळू समुद्रानं आणलेली. इथं मात्र समुद्र शेकडो कोस दूर, आणि बर्फाळ डोंगराच्या पायथ्याशी ७८ चौरस किलोमीटरचा वाळूचा ढिगारा बसलाय. तो आला कुठून? पश्चिमेला सान हुआन नावाचे ज्वालामुखीतून झालेले डोंगर आहेत, पूर्वेला सांग्रे दे क्रिस्तो. मधल्या खोऱ्यात फार पूर्वी मोठं तळं होतं. दोन्हीकडच्या ओढ्यांनी वाळू खाली आणली, तळं आटलं, आणि नैऋत्येकडून वाहणाऱ्या वाऱ्यानं ती वाळू पूर्वेच्या डोंगराच्या कुशीत लोटत नेली. नुसता तोच वारा असता तर वाळू डोंगरात पसरून गेली असती. पण वादळात डोंगरातल्या खिंडींमधून ईशान्येचा वारा उलटा येतो आणि वाळूला मागं दाबतो. दोन वाऱ्यांच्या या रेटारेटीत वाळू आडवी पसरायच्या ऐवजी उभी वाढत गेली. कडेनं वाहणारे ओढे डोंगराकडे निसटलेली वाळू पकडून पुन्हा खोऱ्याच्या बाजूला आणून टाकतात. वारा तीच वाळू पुन्हा वर चढवतो. ह्या जागेला १९३२ मध्ये राष्ट्रीय स्मारकाचा आणि २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. आयुष्यभर मुलांना शिकवलेल्या बाईंनी हे एकदा डोळ्यांनी बघावं, असं मला वाटतं.

आणि ह्यातलं सगळ्यांत मोलाचं बघायला टेकडी चढावीच लागत नाही. गाडी लावायची जागा आणि टेकड्या यांच्यामध्ये मेडानो नावाचा ओढा आहे. वरचा बर्फ वितळला की तो वाहतो, नंतर वाळूत मुरून जातो. मेअखेर ते जूनची सुरुवात हा त्याचा भराचा काळ. म्हणजे तुमच्या मुलानं तारीख अगदी बरोबर पकडली आहे, एवढं श्रेय त्याला द्या. पाणी उथळ, घोट्याएवढं, पण पात्र चांगलं रुंद. पाण्याखाली वाळूचे छोटे बांध आपोआप तयार होतात, मागं पाणी तुंबतं, बांध फुटतो आणि एक लाट येते. भर असेल तेव्हा अशी लाट साधारण २० सेकंदांनी येत राहते. पोरं त्यात तासन्‌तास डुंबतात. तुमची नातही बहुतेक तिथंच बसेल, आणि तिच्याजवळ कुणीतरी मोठं माणूस लागणारच आहे की.

म्हणून तुमच्या प्रश्नाची मांडणीच मला पटत नाही. 'नाही म्हणू की मन मारून जाऊ' यात तुम्ही दोनच दारं ठेवलीत. पार्कला जाणं म्हणजे टेकडी चढणं, आणि टेकडी चढणं म्हणजे माथ्यावर पोचणं, असं तुम्ही धरून चाललात. ओढ्याकाठी खुर्ची टाकून दोन तास बसणं हीसुद्धा सहलच. यजमानांना पहिल्या लहानशा उंचवट्यापर्यंत जाऊन परत येऊ द्या. वाळूत घसरायची त्यांना फार हौस असेल तर दहा-पंधरा फुटांच्या उतारावरून, बसून, डॉक्टरांनी हो म्हटलं असेल तरच. त्यासाठीच्या खास फळ्या पार्कच्या बाहेर भाड्यानं मिळतात, बर्फावरची साधी घसरपट्टी कोरड्या वाळूत चालत नाही. उभं राहून घसरायचं काम मुलावर सोपवावं.

आता ते 'पण ते सोडा'. रागावू नका, पण मी ते सोडणार नाही. सगळ्या पत्रात यजमानांच्या हृदयावर बरंच काही आहे आणि तुमच्या गुडघ्यावर एकच ओळ. मला शंका आली की खरी अडचण गुडघ्याची असावी. वाळूत आपल्याला चालता येणार नाही, सून हात धरेल, सगळे आपल्यासाठी थांबतील, हे मनाला नको वाटतं. मग यजमानांची तब्येत पुढं करणं सोपं जातं. ती खोटी नाही, म्हणून तर सोपं जातं. माझा अंदाज चुकला असेल तर हा परिच्छेद बाजूला ठेवा. पण बरोबर असेल, तर मुलाला हे सांगा. 'आम्ही घरी थांबतो' असं ऐकून मुलगा गप्प बसला, कारण त्यावर तो काय बोलणार? 'माझा गुडघा दुखतो, वाळूत मला जमणार नाही' असं म्हटलंत तर त्याला काहीतरी करता येईल. त्या पार्कमध्ये वाळूत चालणारी, फुगीर रुंद चाकांची व्हीलचेअर व्हिजिटर सेंटरमध्ये विनामूल्य वापरायला देतात. ढकलायला एक माणूस लागतो आणि आधी फोन करून ती राखून ठेवावी लागते. तुम्हाला तिच्यात बसायचा संकोच वाटेल, ठाऊक आहे. तिथं तुम्हाला ओळखणारं कोण आहे?

सुनेच्या वाक्याबद्दल एवढंच म्हणते की ते तुम्हाला उद्देशून नव्हतं, मागून कानावर पडलेलं होतं. त्यात राग असेल तसा हिरमोडही असेल. सासू-सासरे येणार म्हणून तिनंही रजा टाकली असणार. त्यावर वेगळी चर्चा उकरू नका. तिला फोन करून विचारा की तिकडे सकाळी थंडी किती असते, काय कपडे आणू. ती उत्साहानं सांगेल, आणि त्या सांगण्यात ते वाक्य विरून जाईल. (तसं स्वेटर आणि कानटोपी न्याच. जूनमध्येही रात्री तिथं कडक गारठा असतो.)

राहता राहिले यजमान. दुखलं तरी न सांगणारी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत, आणि 'सांगत जा' म्हणून ती सांगत नाहीत. निघायच्या आधी मुलासमोर करार करा. वाळूत बोलता-बोलता चालायचं. बोलताना वाक्य तुटायला लागलं की थांबायचं, बसायचं, पाणी प्यायचं. नुसतं डोकं जड झालं तर त्या दिवशी आणखी वर जायचं नाही. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, बसल्याजागी धाप, दरदरून घाम, यातलं काहीही झालं तर चर्चा बंद आणि ९११ ला, म्हणजे तिकडच्या तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन. अलामोसात रुग्णालय आहे. थांबायचं की नाही हे ठरवायचा अधिकार यजमानांना द्यायचा नाही, तो मुलाला द्या. तुम्हाला नको, कारण तुमचं 'पुरे आता' त्यांनी आयुष्यभर ऐकून सोडून दिलंय.

निघायला अजून अवकाश आहे, तर एक रंगीत तालीम करा. डॉक्टरांची परवानगी घेऊन एखाद्या रविवारी आंबोली घाट उतरून वेंगुर्ल्याला जा. भरतीच्या रेषेच्या वरची कोरडी, मऊ वाळू निवडा, ओली घट्ट वाळू नको. त्यात दोघांनी सावकाश वीसेक मिनिटं चालून बघा. यजमानांच्या उत्साहाचं आणि तुमच्या गुडघ्याचं खरं माप तिथं कळेल. मोबाईलवर कितीही व्हिडिओ बघितले तरी ते कळणार नाही. येताना मासे खाऊन या.

सामानाचं फार लांबवत नाही. बंद बूट आणि मोजे हवेत. वाऱ्यात साडीचा त्रास होईल, सलवार-कमीज बरी. नाका-तोंडावर घ्यायला ओढणी, डोळ्यांना बाजूनं झाकणारा गॉगल, टोपी. उंचावर ऊन जास्त भाजतं. पार्कमध्ये जेवण मिळेल या भरवशावर राहू नका. पुऱ्या, चटणी, दशम्या, जे काही कराल ते डब्यात न्या आणि पाणी भरपूर. औषधं मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. प्रवासाचा विमा इथून निघण्याआधी काढा, आणि त्यात आधीपासूनच्या हृदयविकाराचा खर्च धरलाय का हे एजंटाकडून लेखी घ्या. तोंडी 'सगळं कव्हर आहे' याला अर्थ नाही.

यजमानांना रात्री जागायची सवय असेल तर एक आमिष आहे: २०१९ पासून ही जागा अंधाऱ्या आकाशासाठी मान्यता मिळालेली आहे. मुलाला पंचांग, म्हणजे मोबाईल, बघून अमावस्येच्या जवळची रात्र शोधायला सांगा. दिवसा टेकडीवर जायचा हट्ट त्यामुळं थोडा कमी झाला तर फायदाच.

मुलाच्या बेतात मी एकच बदल करेन. जूनच्या सुरुवातीचा शनिवार म्हणजे तिथं यात्रा असते. ओढ्याला पाणी आहे म्हटल्यावर सगळं कोलोरॅडो लोटतं, गाड्यांच्या रांगा लागतात, आणि गाडी लावायला जागा मिळेपर्यंत वाळू तापलेली असते. त्याला रजा मिळत असेल तर मंगळवार-बुधवार बघा. रजा नसेल तर शनिवारी दुपारी अलामोसाला पोचून तिथंच आराम करा आणि रविवारी पहाटे पार्कमध्ये जा. हे त्याला आजच कळवा. त्या दिवसांत अलामोसातल्या खोल्या लवकर भरतात, आणि हॉटेलची तारीख बदलायची असेल तर उशीर नको.